भरदुपारी दिवे लावणारा टेकचंद

पळसटोल्याच्या मालगुजारांची मोटार गावाबाहेर निघाली, की तिच्या मागून अर्ध्या मैलावर एक बैलजोडी निघायची. बैलांमागे बंडी, म्हणजे बैलगाडी, नाही, पाठीवर ओझं नाही. नुसतं जू, एक जाड दोर आणि तो दोर खांद्यावर टाकून चालणारा उदाराम. परगावच्या माणसाला वाटायचं, हा बैल विकायला निघाला असेल. गावच्या माणसाला ठाऊक होतं, की तो मोटार आणायला निघालाय. मोटार बंद पडली तर ओढायची, असं नव्हे. ती पडणारच, मग गावात परत येऊन बैल न्यायचा हेलपाटा कशाला, एवढाच त्यातला विचार होता.

ही सन सदतीसच्या आसपासची हकिकत. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि पळसटोला अर्जुनी मोरगावकडच्या, तलावांच्या आणि धानाच्या मुलखात. मोटार होती गावचे जमीनदार, भैयाजी मालगुजार, यांची. विलायतेला परत चाललेल्या रेल्वेच्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली ती ऐन पौषात. पौषात ती इतकी गुणी वागली, की भैयाजींनी चार गावच्या मालगुजारांना तिच्यात बसवून तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, मिरवून आणलं. मग चैत्र लागला आणि बाईसाहेबांनी आपले खरे गुण दाखवले. सकाळी चालू व्हायची, दहा मैल झकास पळायची. पण एकदा कोणाशी दोन शब्द बोलायला थांबवली, की पुन्हा चालू व्हायचं नाव नाही. बटण दाबलं की पोटातून आजारी माणसाच्या कण्हण्यासारखा आवाज, आणि तिसऱ्या खेपेला तोही नाही. हँडल मारून मारून टेकचंदचे दंड भरून यायचे. तेच हँडल उलटं फिरून दोनदा त्याच्या मनगटावरही बसलं होतं.

टेकचंद म्हणजे तिचा डायव्हर. साहेबाने मोटारीबरोबर डायव्हरचा पितळी बटणांचा खाकी कोटही दिला होता. कोट सहा फुटी माणसाचा आणि टेकचंद जेमतेम पाच फूट, त्यामुळे बाह्या दुमडून दुमडून मनगटावर वळकट्या झाल्या होत्या. वैशाखातही तो हा कोट काढत नसे. लोक हसत, पण लोकांना काय जातं हसायला! विसाव्या वर्षापर्यंत त्याने दुसऱ्याच्या शेतात नांगर धरला, मग सहा वर्षं गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये इंजिनाला तेल घातलं, आणि या सगळ्यात त्याला कोणी 'अबे'शिवाय हाक मारली नव्हती. कोट अंगावर आला आणि तो 'डायव्हर' झाला. त्याची बायको शामकला विहिरीवर गेली की बाया सरकून जागा देऊ लागल्या. ही एवढीशी इज्जत त्याला जिवापाड प्यारी होती, आणि दर उन्हाळ्यात ती भररस्त्यात उदारामच्या बैलांच्या मागे दोराने बांधून गावात यायची.

"जुपू का गा, डायव्हर साहेब?" उदाराम दर वेळी अगदी अदबीने विचारायचा. त्यातलं ते 'साहेब' टेकचंदला हँडलपेक्षा जोरात लागायचं.

त्या साली भैयाजींच्या मुलाचं, दुधरामचं, लग्न ठरलं. मुहूर्त अक्तीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, गोरज वेळेचा. मुलगी गोंदियाकडच्या मोहटोलीची, तिथले मालगुजार सेवकराम यांची. पळसटोल्याहून मोहटोली तीस मैल. पाच दिवस आधी भैयाजींनी टेकचंदला ओसरीवर बोलावलं.

"नवरदेव मोटारीतून जाईल," ते म्हणाले. "सोयऱ्याच्या दारात मोटारीले बैल जुपाची पाळी आली, तं मी मोटार भंगारात देईन. आन् तू कोट काढून नांगर धरशील. समजलं?"

"समजलं, मालक," टेकचंद म्हणाला. घरी शामकलेने पुढ्यात ठेवलेली आंबील त्याने नुसती ढवळली. "काऊन, जेवत काऊन नाई?" तिने विचारलं तेव्हा त्याने एकच सांगितलं, की उद्या गोंदियाला जातो.

गोंदियाला स्टेशनजवळ कडुनिंबाखाली छोटेलाल मिस्त्रीचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. मिलमधल्या दिवसांपासूनची ओळख. छोटेलालने बिडी पेटवली आणि डोळे मिटून सगळी लक्षणं ऐकली.

"गरम होने के बाद रुकी, तो फिर नहीं उठती. सही?" त्याने विचारलं. "अरे पगले, तेरा पेट्रोल इंजन तक पहुँचताच नहीं. नली में ही उबल जाता है. नली में भाप भर गई, तो पेट्रोल आएगा कहाँ से? नली पे गीला कपड़ा लपेट, और रुकते ही पानी डाल."

"आणि बॅटरी? तिच्यात जीवच राहत नाही."

"पानी कौनसा डालता है उसमें?"

"विहिरीचं. आमच्या मालकाच्या विहिरीचं पाणी गोड आहे. घरचे सगळे तेच पितात."

छोटेलालने कपाळावर हात मारला. "बॅटरी तेरी समधन है क्या, जो मीठा पानी पिलाता है?"

मग त्याने समजावून सांगितलं. मोटार दिवसभर पळते, तिचा डायनामो दिवसभर वीज करतो, आणि दिवसा दिवे बंद. मग ती वीज जाणार कुठे? सगळी बॅटरीत घुसते, वरून हे ऊन, आतलं पाणी उकळून आटतं, आणि त्यात हा शहाणा विहिरीचे क्षार ओततो. तेव्हा एक म्हणजे दिवसा मोटार चालवताना पुढचे दिवे लावून ठेवायचे. "दिवसा?" टेकचंदने विचारलं. "भरी दोपहर में," छोटेलाल म्हणाला. आणि दुसरं म्हणजे बॅटरीत फक्त वाफेचं पाणी घालायचं. पाणी उकळून वाफ धरायची, ती गार करून थेंब थेंब साठवायची, लोखंड-तांब्याला लागू न देता, मातीच्या नाही तर काचेच्या भांड्यात. त्याच्याकडचा साठा संपला होता आणि नवा कधी येईल ते त्यालाच माहीत नव्हतं. "खुद बना ले," म्हणून त्याने टेकचंदला वाटेला लावलं.

छोट्या लाइनच्या गाडीत बसल्यावर टेकचंद विचार करत राहिला. उकळायचं, वाफ नळीतून न्यायची, गार करायची, थेंब धरायचे. मातीची भांडी, बांबूची नळी. एवढं सगळं आपण आणायचं कुठून? आणि अर्जुनी यायच्या आत तो बाकावर ताठ उठून बसला. हे यंत्र तो लहानपणापासून पाहत आला होता. पळसटोल्यात ते घरोघरी होतं, फक्त त्यात पाणी कोणी घालत नसे.

अडचण अशी, की आदल्या वर्षी कीर्तन ऐकून भैयाजींनी दारू सोडली होती, आणि मालगुजारांनी सोडली म्हणजे गावाने सोडायची हे ओघानेच आलं. त्यांनी मोहाच्या सगळ्या भट्ट्या चौकात फोडल्या आणि मारुतीच्या देवळात साऱ्या गड्यांना शपथ घ्यायला लावली. एकट्या उदारामने नकार दिला. "मी बैलाईले खोटं सांगत नाई, देवाले कायले सांगू?" असं तो तोंडावर म्हणाला. भट्टीही एकच वाचली होती, शामकलेची मावशी धुरपताबाई हिची. तिने मालकाच्या माणसांपुढे तडा गेलेलं वरणाचं मडकं फोडून घेतलं आणि खरी हंडी तणसीच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगात पुरली.

"फुलं किती आनली?" टेकचंदने हंडी मागताच म्हातारीने डोळे बारीक करून विचारलं.

"फुलं नाही, मावशी. नुसतं पाणी टाकायचं."

"पान्याची दारू?"

"दारू नाही गं. पाण्याचं पाणीच काढायचं."

"पानी टाकून पानीच काढाचं, तं मंग हातातलं पानी कायले उकडाचं?" असं विचारून धुरपताबाईने शामकलेला बाजूला नेलं आणि जावयाला ऊन तर लागलं नाही ना, याची हळूच चौकशी केली. पण वर्षभराने हात चालवायला मिळणार हा मोह मोठा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यात, पळसाच्या झुडपांमागे, तिने चूल मांडली. हंडी, तिच्यावर उलटी हंडी, सांध्याला चिखल, बांबूची नळी, आणि दुसऱ्या टोकाला गार पाण्यात ठेवलेलं मडकं. पहिल्या मडक्याला मोहाचा वास येत होता म्हणून टेकचंदने ते वाळूत ओतलं. तेव्हा पाणीच होतं हे ठाऊक असूनही म्हातारीच्या तोंडून "माय व!" निघून गेलं. दुपारपर्यंत चार बाटल्या भरल्या.

आता नाल्यातून धूर निघतो, जवळ धुरपताबाई बसलेली आहे आणि शेजारी बाटल्या. यावर पळसटोल्याने काय समजायचं? उदारामने बैल धुताना धूर पाहिला, तो कोणाला तरी बोलला, आणि तासाभरात भैयाजी चार पंचांना घेऊन नाल्यात उतरले. लग्नाला तीन दिवस उरलेले, आणि घरचा डायव्हर भट्टी लावून बसलेला! भैयाजींनी बाटल्यांकडे बोट रोखलं.

"पाणी आहे, मालक," टेकचंद म्हणाला. "मोटारीच्या बॅटरीचं."

"भट्टीतून पानी निंगते?"

टेकचंदने एक झाकण भरून चुलीत ओतलं. चूल फसफसली, पेटलं काही नाही. पण एक पंच, ज्याला या विषयाची माहिती जरा जास्तच होती, म्हणाला, की शेवटच्या धारेची दारू पेटत नाई. बाटली हुंगली तर मोहाचा पुसट वास होताच, हंडीची जन्माची सवय एका धुण्यात कुठे जायला! चाखल्याशिवाय निकाल लागणं शक्य नव्हतं. आणि चाखायचं कोणी? पाचही जणांनी मारुतीपुढे शपथ घेतलेली. पाचही जण बाटलीकडे बघत होते आणि कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं.

"उदारामले शपथ नाई," शेवटी भैयाजी म्हणाले.

उदाराम बैल सोडून आला. टेकचंदचा हात कोटाच्या बटणांवर गेला. या माणसाने नुसतं 'दारू' म्हणायचा अवकाश, कोट उतरला. आणि का म्हणू नये त्याने? मोटार गेली तर गावात पुन्हा त्याच्याच बैलांचा रुबाब. उदारामने मिशा पुसल्या, बाटली तोंडाला लावली, डोळे मिटले. पहिली बाटली संपली.

"एका बाटलीत समजत नाई, मालक," तो म्हणाला.

दुसरी संपली. तो थोडा थांबला, आत कुठे काही चढतंय का याचा अंदाज घेत राहिला, आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने तिसरी उचलली. ती खाली ठेवताना त्याचा चेहरा साफ उतरला होता.

"पानी आहे!" तो जवळजवळ ओरडला. "नुसतं पानी! तेबी बिनचवीचं. असं पानी मी बैलाईलेबी पाजत नाई!"

टेकचंदला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण आधी त्याने चौथी बाटली झडप घालून कोटात लपवली. भैयाजींना मात्र रिकाम्या हाताने परत जाणं जड होतं. "मंग ही हंडी कोनाची?" त्यांनी दरडावून विचारलं.

"तुमच्या आज्यानं देल्ली होती माह्या सासूले," धुरपताबाई म्हणाली. "कायसाठी, ते सांगू का?"

भैयाजींनी ते ऐकायची गरज नसल्याचं सांगितलं आणि पंचांना घेऊन ते नाल्यातून वर चढले.

अक्तीचा दिवस उजाडला. त्या एका बाटलीत बॅटरीच्या पट्ट्या जेमतेम बुडाल्या होत्या, पण बुडाल्या होत्या. शामकलेने आपलं जुनं लुगडं फाडून दिलं, त्याच्या चिंध्या टेकचंदने पेट्रोलच्या नळीला गुंडाळल्या आणि मोटारीच्या पायरीवर पाण्याचं मडकं बांधलं. वऱ्हाडाच्या बंड्या आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या. मोटारीला तीस मैलांना एक दिवस लागतो, हा भैयाजींचा पाच उन्हाळ्यांचा अनुभव. म्हणून नवरदेवाला घेऊन ते सकाळी नवालाच निघाले. गावाबाहेर येताच टेकचंदने पुढचे दिवे लावले.

"दिवे लागून राहिले," भैयाजी म्हणाले.

"लागू द्या, मालक. बॅटरीसाठी आहेत."

भैयाजी गप्प बसले, पण रस्ता गप्प बसायला तयार नव्हता. तेंदूपत्ता तोडून येणाऱ्या बाया ओरडल्या, "ओ डायव्हर, दिवे लागून राहिले ना!" गुराखी ओरडले. एक म्हातारा तर काठी उगारून चार पावलं मोटारीमागे धावला, बिचाऱ्याला वाटलं यांचं तेल फुकट चाललंय. भैयाजींचा चेहरा लाल झाला. पाचव्या-सहाव्या हाकेला मात्र ते मोटारीतून अर्धे बाहेर वाकले आणि गरजले, "लगनाचे दिवे होत ते! पाह्यलं नाई का कधी?" त्यानंतर त्यांना ती कल्पना इतकी आवडली, की ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही ते सांगू लागले.

दहा मैलांवर तलावाच्या पाळीचा चढ होता. मोटारीची बंद पडायची ही नेहमीची जागा, त्यामुळे उदाराम बंड्या पुढे जाऊ देऊन बैलांसह तिथे सावलीत बसला होता. मोटार आली तसा तो दोर उचलून उभा राहिला. मोटार त्याच्यासमोरून धूळ उडवत चढ चढून गेली. टेकचंदने मागे वळून पाहिलं नाही, पण भोंगा दोनदा वाजवला. पुढे वऱ्हाडाच्या बंड्या लागल्या, त्याही मागे पडल्या.

मोटार न थांबल्याने काय होईल, याचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. अकराच्या सुमारास ते मोहटोलीच्या शिवेवर उभे होते. मुहूर्ताला सात तास होते, वऱ्हाड कित्येक मैल मागे, आणि व्याही सेवकराम मालगुजार न्हाव्यापुढे बसलेले, अर्धी दाढी झालेली. निरोप आला, की नवरदेवाने शिवेवरच थांबावं, वाजंत्री जमवून सन्मानाने आत नेऊ.

"बंद कर ही धडधड," भैयाजी म्हणाले. "सोयरे आले तं बोलनं आयकू येईल का?"

"मालक, चालू राहू द्या ना."

"बंद कर म्हनतो ना!"

टेकचंदने मोटार बंद केली. आंब्याखाली सावली होती, पण वारा भट्टीसारखा. पायरीवरच्या मडक्यातलं पाणी वाटेतच हिंदकळून सांडलं होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, अर्धा तास गेला. बॉनेटखाली आता पेट्रोल उकळत असणार, हे त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. मोहटोलीची माणसं जमू लागली. नवरदेवाकडे कोणी बघत नव्हतं, सगळे मोटार पुन्हा चालू होताना बघायला आले होते. उदारामचे बैलसुद्धा मैलोन्मैल दूर, म्हणजे आता ढकलत न्यायची पाळी.

अखेर वाजंत्री आली. मागून पितळी परात आणि पाण्याच्या घागरी घेऊन सेवकराम आले, डाव्या गालावर साबण वाळलेला. वऱ्हाडाचे पाय धुवायची रीत, आणि ती बंडीवाल्यापर्यंत सगळ्यांची. त्यांनी भैयाजींचे पाय धुतले, दुधरामचे धुतले. वऱ्हाडात तिसरा माणूसच नसल्यामुळे लोटा भरून ते टेकचंदपुढे वाकले. एक मालगुजार आपल्या पायाशी वाकलाय, हे एरवी पाहून टेकचंद गोंधळून गेला असता. पण त्याचं सगळं लक्ष त्या लोट्यातल्या पाण्यावर होतं.

"मालक, माझे पाय राहू द्या," तो हात जोडून म्हणाला. "हे पाणी तिच्यावर टाका."

"कोनावर?"

टेकचंदने बॉनेट उघडलं. नळीवरच्या चिंध्या वाळून कडक झाल्या होत्या. सेवकरामांनी गोंधळून भैयाजींकडे पाहिलं. भैयाजींना यातलं काही कळत नव्हतं, पण व्याह्यापुढे तसं कोण कबूल करतो!

"हो ना," ते म्हणाले. "आमच्याकडं मोटारीचेबी पाय धुतात."

सेवकरामांनी भक्तिभावाने नळीवर लोटा ओतला. चर्र झालं, वाफ उठली. टेकचंद म्हणाला, "अजून." दुसरा लोटा, तिसरा, आख्खी घागर. मागे उभ्या सवाष्णींनी पुढे होऊन मोटारीला कुंकू लावलं, कोणी अक्षता टाकल्या. टेकचंदने नळी हाताने चाचपली. गार होती. तो जागेवर जाऊन बसला, त्याला देव आठवेना की शामकला आठवेना, त्याने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

कण्हणं नाही, कुरकुर नाही. बॅटरीने इंजिन जोरात फिरवलं आणि मोटार एका दमात गरजली. सनईवाल्याचा सूर तुटला, पोरं पळाली, आणि टेकचंदला रडू फुटलं. त्याने ते लपवलंही नाही. तो कोटाच्या बाहीने डोळे पुसत राहिला आणि उजवा पाय ॲक्सिलरेटरवर दाबून ठेवत राहिला.

भैयाजी मोटारीत चढता चढता थांबले. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सेवकरामांकडे, आणि सगळ्या मोहटोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थांबा जी. आमच्या डायव्हरसाहेबाचे पाय राहिले."

परात पुन्हा आणली. टेकचंद "नको, नको" म्हणत होता, पण ऐकतो कोण. त्याने अंग पिळवटून डावा पाय उजव्याच्या वरून ओढला आणि दाराबाहेर काढला. सेवकराम मालगुजारांनी तो धुतला, पुसला, अंगठ्याला कुंकू लावलं आणि दुसऱ्या पायासाठी हात पुढे केला.

"हा नाही देता येत, मालक," टेकचंद म्हणाला. "हा कामावर आहे."